काजूचं यंत्र आणि माझी सही

मुलीने परवा फोनवर सिनेमा लावून दिला. एक माणूस स्वतःच्या डोक्याने यंत्र बनवतो, मोठी कंपनी ते उचलते, आणि तो कोर्टात भांडतो. अर्ध्यातच मी फोन पालथा घातला. तिला वाटलं, कंटाळलो.

कंटाळलो नव्हतो. आमच्या घरात हे झालंय.

ओला काजू चिरून गर काढताना चीक उडतो, कातडी जळते. शिमगा आला की बायकोचे हात सोललेले. शेवटी तिने जुना अडकित्ता पाटाला ठोकला, खाली पायाची फळी जोडली. पाय दाबला की बी उभी चिरायची, बोटाला चीक नाही. दोन हंगाम तिची मोडतोड चालली होती. मी हसायचो. म्हणायचो, सुतार होतलस काय गो?

मग यंत्राचं ऐकून अवजारांच्या एका कंपनीचा माणूस आला. गोड बोलणारा. आमच्याकडे परका दारात आला की बोलायचं बाप्यानं, आणि अवजार मागितलं तर नाही म्हणायचं नाही. बघायला नेतो म्हणाला, एक कागद पुढे केला. मी चौथी शिकलेला. त्याच्यासमोर अक्षर अक्षर लावत बसायची लाज वाटली. सही केली.

पुढच्या हंगामात तेच यंत्र लोखंडाचं होऊन बाजारात आलं. आमचं काही परत आलं नाही. ती कोर्टात गेली. पैसे नको होते तिला. यंत्र हिने केलं, एवढं लिहून हवं होतं.

तारखेला कंपनीच्या वकिलाने तो कागद काढला. यंत्र मी बनवलं आणि राजीखुशीने दिलं, असं त्यात होतं. जज्जसाहेबांनी विचारलं, सही तुमची का? मी हो म्हटलं. तिथेच संपलं.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली. कसालचा थांबा मागे पडला. मग एवढंच म्हणाली, "मी परसात तर होतंय. एक हाक मारूची होती."

पुन्हा विषय काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन तिने दुसरा अडकित्ता दुसऱ्या पाटाला ठोकला आणि कामाला बसली.

दोन पावसाळे झाले तिला जाऊन. पाट पडवीत आहे. धूळ मी पुसतो, पाय ठेवत नाही.

सिनेमातल्या माणसाचं पुढे काय झालं ते मला बघायचं नाही. मुलीकडून कागद मागून घेतला, त्यावर लिहिलं. काजूचं यंत्र मी बनवलेलं नाही. माझ्या बायकोने बनवलं. हे मी तीनदा वाचलं, मग सही केली.