एका आंघोळीत पंधरा अंडी

आमच्या आत्याबाईंनी जन्मात कधी अंडं चाखलं नाही, आणि त्यांच्यासारखी अंडी करणारं दुसरं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल आहेत, हे मला लोकांना दोनदा सांगावं लागतं. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, एकादशीला निरंकार उपास. आणि रविवारी संध्याकाळी मागच्या अंगणात पाटावर बसून अंडी अशी सफाईनं फोडायच्या की टरफलाचा कण भांड्यात जाईल तर शपथ.

त्या माझ्या आत्येसासू, म्हणजे नवऱ्याची सख्खी आत्या. लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, तिगावला भावाच्या संत्र्याच्या बागेत राबत दिवस काढलेले. एकोणिसाव्या वर्षी माळ घातली आणि त्या दिवसापासून मांस-अंडं तोंडाला लावायचं नाही हा नेम धरला. माझी गौरी तान्ही असताना त्या पांढुर्ण्याला आमच्याकडे महिनाभर सोबतीला म्हणून आल्या आणि राहिल्याच. त्या आल्या तशी आमच्या घरातली अंडी बंद झाली. कुणी सांगितलं नव्हतं, पण माळकरी बाई घरात असताना अंडं आणायचं आमच्यापैकी कुणाच्या मनाला पटलं नसतं.

गौरी सहा वर्षांची असताना शाळेच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. तपासलं तर रक्त फार कमी. मी स्वतः नर्स. सौंसरच्या दवाखान्यात दुसऱ्यांच्या आयांना रोज ऐकवायची, लेकराला सकाळी उपाशी पाठवू नका. माझं स्वतःचं लेकरू चहा-टोस्टवर शाळेत जात होतं. नवरा नागपूरला अपडाऊन करायचा, तो साडेपाचलाच स्टेशनवर. माझी बस पावणेसातची. आत्याबाई पहाटे आंघोळ करून पूजेला बसायच्या त्या सात वाजता उठायच्या. म्हणजे सकाळी घरात तीन मोठी माणसं आणि पोरीकडे बघायला एकही नाही. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि म्हणाले, पोटभर नाश्ता द्या, रोज एक अंडं द्या. शरमेनं माझी मान वर होईना.

त्या संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, की मी नोकरी सोडते. आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"नोकरी सोडशीन अन् मंग का करशीन? अंडे उकडत बसशीन? ते तं मी बी करीन."

"आत्याबाई, तुमचा नेम?"

"नेम तोंडाचा हाय व, हाताचा नाही. हात धुता येते."

नुसते हात धुऊन मात्र त्यांचं समाधान होणार नव्हतं. अंड्याला हात लागला की डोक्यावरून आंघोळ, हा कायदा त्यांनी स्वतःच काढला आणि स्वतःलाच लावला. त्यासाठी मागच्या अंगणात वेगळी शेगडी आली, वेगळी कढई, वेगळं इडलीपात्र. फ्रिजमध्ये सगळ्यात खालचा कप्पा अंड्यांना दिला. पहिला आठवडा त्यांनी रोज एक अंडं उकडलं आणि रोज दुसऱ्यांदा आंघोळ केली. थंडीचे दिवस, गार पाणी. मला बघवेना. मी म्हटलं, राहू द्या, मी करते काहीतरी. त्या केस पुसत विचार करत होत्या.

"आंघोळ तं एकच करा लागते," त्या म्हणाल्या, "मंग अंडं एकच काहून?"

झालं. त्या रविवारपासून एका आंघोळीत पंधरा अंडी. तीस अंड्यांचा ट्रे आणायचा, अर्धा रविवारी संध्याकाळी, अर्धा बुधवारी. शनिवारी आमच्या घरात अंडं नाही, कारण त्या दिवशी त्या जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायच्या. एकादशी आली की ट्रे एक दिवस पुढे सरकायचा. पंचांग आणि फ्रिज यांचा असा मेळ मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिलेला नाही. लोक पुस्तकं वाचून वेळेचं नियोजन शिकतात. आमच्याकडे ते गार पाण्याच्या भीतीतून आलं.

त्यांच्या पद्धती त्यांच्याच होत्या. अंडी उकडताना घड्याळ बघायच्या नाहीत. पाण्याला उकळी फुटली की अंगण झाडायला घ्यायच्या. एकदा झाडून झालं की अंडं झालं. मी एकदा सुचवलं, अभंग म्हणा ना, तेवढाच वेळ जातो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. अंड्यावर देवाचं नाव घ्यायचं नव्हतं. त्यामुळे रविवार-बुधवार आमचं मागचं अंगण गल्लीत सगळ्यात स्वच्छ असायचं.

सहा अंडी सालासकट उकडून ठेवायच्या. उरलेल्यांपैकी पाच-सहा फोडून त्यांत बारीक कांदा, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, किसलेलं गाजर आणि घोटभर दूध घालून फेटायच्या आणि इडलीपात्रात वाफवायच्या. या अंड्याच्या इडल्या गार करून डब्यात भरल्या की सकाळी तव्यावर तेलाचं बोट फिरवून परतल्या, दोन मिनिटांत नाश्ता तयार. बाकीची अंडी कच्चीच ठेवायच्या, पण त्यांच्यासाठी कांदा-टमाट्याचा मसाला परतून डबाभर करून द्यायच्या. सकाळी मी दोन चमचे मसाला कढईत टाकून त्यावर अंडी फोडायची, पोळीत गुंडाळायची आणि एक गुंडाळी नवऱ्याच्या डब्यात, एक गौरीच्या हातात, एक माझ्या तोंडात. त्या वेळी आत्याबाई देवापुढे डोळे मिटून बसलेल्या. सकाळच्या अंड्याचा आणि त्यांचा काही संबंध नाही, असा चेहरा.

सुरुवातीला गडबडी झाल्या नाहीत असं नाही. एकदा नवऱ्यानं उकडलेलं समजून कच्चं अंडं डब्यात टाकलं आणि गाडीत पँटच्या गुडघ्यावर आपटून फोडलं. तो नागपूरला ऑफिसात कसा पोचला हे त्यानं मला कधी धड सांगितलं नाही. आत्याबाई मात्र पदर तोंडाला लावून अर्धा तास हसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून उकडलेल्या प्रत्येक अंड्यावर गौरीच्या पेन्सिलीनं फुली यायला लागली.

मला थक्क करायचं ते मीठ. चव न घेता मीठ बरोबर कसं पडतं? पहिल्या खेपेला नाही पडलं. बेसनाच्या अंदाजानं टाकलं आणि गौरीनं पहिला घास थुंकून दिला. पुढचे काही दिवस पूजा लवकर आटपून आत्याबाई गौरीसमोर पाय दुमडून बसायच्या आणि तिच्या तोंडाकडे टक लावून पाहायच्या. ती कधी थांबते, कधी पाणी मागते, कधी भराभर चावते. पंधरवड्यात मीठ असं जमलं की त्यानंतर बारा वर्षांत चिमूटभर इकडचं तिकडे झालं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "माही जीभ बंद हाय, पोट्टीची तं चालू हाय ना."

सहा महिन्यांनी गौरीचं रक्त पुन्हा तपासलं. मी रिपोर्ट हातात घेऊन घरी आले आणि आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. त्या पाय ओढून घेत होत्या. "बुधवार हाय आज, आंघोळ नाही झाली माही अजून," म्हणाल्या.

अशी गोष्ट लपत नाही. बसमध्ये माझ्या डब्यातल्या इडल्या लोधीखेड्याच्या एका शिक्षिकेनं चाखल्या, तिनं कृती घरी नेली, तिच्या शेजारणीनं तिच्याकडून. सकाळच्या धावपळीत पिचलेल्या बायकांना तो मोठाच आधार वाटला. कुणाकडून शिकलीस, तर पांढुर्ण्याच्या माळकरी बाईंकडून! हे फिरत फिरत आत्याबाईंच्या भजनी मंडळात पोचलं. मंडळाचा दर गुरुवारचा प्रसादाचा शिरा आत्याबाईंच्या हातचा असायचा. त्यांना दुसरा कसलाच अभिमान नव्हता, पण त्या शिऱ्याचा होता.

मंडळाच्या अध्यक्षबाई एका दुपारी घरी आल्या. चहाला नको म्हणाल्या तेव्हाच मला कळलं.

"खरं हाय काय व, तू अंडे करते म्हणते?"

मी मध्ये पडून म्हणणार होते, की मी करते, या नुसत्या बाजूला असतात. आत्याबाईंनी मला हातानं थांबवलं.

"करतो ना. लेकरासाठी करतो. खात नाही."

"मंग प्रसाद तुह्या हातचा कसा चालन? माळेचा काही मान हाय का नाही?"

"तुमाले जमत नसन तं नका घेऊ. मी मांगं बसून टाळ वाजवीन."

आणि खरोखरच पुढच्या गुरुवारपासून त्या सगळ्यात मागे, दाराशी बसायला लागल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत, मंडळ सोडलं नाही. पहिल्या गुरुवारी घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "शिरा करपला व त्यायचा. मी काही बोलली नाही." मी म्हटलं, अंडी बंद करू, गौरी आता बरी आहे. त्यांनी ऐकलंच नाही असं केलं आणि रविवारचा ट्रे आणायची आठवण दिली. चांगली कामं करणारी माणसं मी दवाखान्यात पुष्कळ पाहिली. त्याचा भुर्दंड इतक्या गुपचूप भरणारी फार थोडी.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना ताप आला. ताप गेला, पण अंगातलं सगळं घेऊन गेला. पायांवर सूज आली, जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर घरी आले, रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, यांना अंड्याचा पांढरा भाग द्या. आत्याबाई त्या अवस्थेतही हसल्या.

"डॉक्टरसाहेब, मी बरी झाली का करून देतो. तुमीच खा."

डाळीचं पाणी, पनीर, सातूचं पीठ, सगळं करून झालं. पोटात राहीना. दर दोन दिवसांनी त्यांचा दंड माझ्या हातात आणखी बारीक लागायचा. गौरी तेव्हा नागपूरला कॉलेजात, सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आई, दुधात फेटून दे ना. आत्याआजीला काय कळणार? तिनं कधी चव घेतलीये?" मी तिच्यावर ओरडले. रात्रभर मात्र तेच वाक्य डोक्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते केलं. दूध उकळलं, एक अंडं फेटून घातलं, साखर घातली, चार वेलच्या कुटून घातल्या, जायफळ उगाळलं आणि फडक्यातून गाळलं. खोलीत गेले आणि ग्लास पुढे धरून उभी राहिले. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ग्लास दोन्ही हातांत घेतला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, गळ्यातली माळ एका बाजूला सारली आणि ग्लास तोंडाजवळ नेला.

"थांबा!" मी म्हणाले. "माशी पडली." आणि ग्लास ओढूनच घेतला. ते दूध मोरीत ओतलं आणि दुसरं साधं आणून दिलं. त्यातले त्या दोनच घोट प्यायल्या. मी मोरीपाशी बराच वेळ उभी होते. औषध ओतून दिलं म्हणून माझ्यातली नर्स माझ्यावर चिडली होती, आणि ते आणलंच कसं म्हणून सून चिडली होती. तरी आतून कुठेतरी बरं वाटत होतं, की आत्याबाईंचा नेम मी राखला.

त्या जाण्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. मध्येच त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माशी नोयती पडली."

माझा हात थांबला.

"वास समजते व मले. बारा वर्सं झाले करून राहिली मी."

"चुकलं माझं, आत्याबाई. माफ करा."

"चुकलं काहून? ग्लास घेऊन उभी होती तू, तं तुह्या तोंडाकडे पाह्यलं मी. येवढ्या आशेनं तू आणलं. म्हटलं, पेऊन घेतो. देवाले सांगितलं असतं मंग, सूनबाईनं देल्लं म्हून पेली. तुले नाही म्हणाचं माह्या जिवावर आलं."

मला रडू आवरेना. तेलाचे हात, डोळे पुसताही येईनात. पंचावन्न वर्षं सांभाळलेला नेम त्या जाणूनबुजून मोडायला निघाल्या होत्या, कशासाठी, तर मला नाही म्हणावं लागू नये म्हणून. अशा बाईच्या हातचं आम्ही बारा वर्षं खाल्लं.