मंगलेचे शॉकअप

जानकी गावकरचं निम्मं आयुष्य गाडीच्या डाव्या सीटवर गेलं. दहिसरला नदीच्या पुलाजवळ त्यांचं मोटर ट्रेनिंग स्कूल. बोर्डावर नाव नवऱ्याचं, बाळा गावकरचं. तोही शिकवायचा. पण शिकायला येणाऱ्या बायका, पोरी आणि घरच्यांच्या ओरड्याला कंटाळलेले रिटायर्ड गृहस्थ, सगळे जानकी मॅडमच हव्यात म्हणून अडून बसायचे. उजवीकडे शिकणारा, डावीकडे मॅडम, आणि मॅडमच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक. रिक्षा आडवी आली, कुत्रं मध्ये आलं, की डोक्याला कळायच्या आत जानकीचा पाय खाली जायचा आणि गाडी नाक खाली घालून गचकन थांबायची.

"देवाने वाचवलं, मॅडम," शिकणारा घाम पुसत म्हणायचा.

"देवाने मला पाय दिलाय तो त्यासाठीच. चल, फर्स्ट टाक."

गाडीचं नाव मंगला. मंगळवारी घरी आली म्हणून मंगला. लाल, छोटी, दारांवर पिवळ्या पट्ट्या. डॅशबोर्डवर गावच्या वेतोबाचा फोटो आणि त्याच्यापुढे रोज एक जास्वंद. मंगला ताशी चाळीसच्या पुढे कधी गेली नव्हती. जानकीही नाही.

मग शाळेला नवी गाडी आली आणि बाळाने भंगारवाल्याशी बोलणी करून ठेवली. ते त्याने रात्री जेवताना सांगितलं. तिची मुलगी श्रुतिका अधूनमधून ऑफिसातल्या मित्रमंडळींबरोबर पुण्याच्या पलीकडे एका छोट्या ट्रॅकवर गाड्या पळवायला जायची. एकदा डबा घेऊन जानकीही गेली होती. तिथे मंगलेच्याच वयाच्या, मंगलेएवढ्याच गाड्या वळणं घेत सुसाट पळताना तिने पाहिल्या होत्या. घरी येऊन कोणाला बोलली नव्हती, पण देवापुढे हात जोडले की डोळ्यांसमोर तेच यायचं.

"मंगलेला तिथे न्यायची," ती ताट बाजूला सारून म्हणाली. "शिकवायला नाही. पळवायला. आणि चालवणार मी."

बाळाची सोलकढीची वाटी ओठांजवळच थांबली. "तू? आणि ही? गो, ही वळणावर होडीसारखी कलांडता."

"शॉकअप बदलू."

"आणि नाय पळाली तर?"

"तर तुमच्या भंगारवाल्याला मी माझ्या हाताने चावी देईन. पण पळाली, तर मंगला आपल्याकडेच राहील. फक्त ट्रॅकसाठी."

"मी साक्षीदार," श्रुतिका म्हणाली आणि दुसरी पोळी घेतली.

आता शॉकअप कुठले, यावर घरात रोज चर्चा. श्रुतिकाने मोबाइलवर एक चकचकीत सेट दाखवला. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, चावी फिरवली की गाडी खाली-वर. जानकीला तो देवळातल्या समईसारखा सुंदर वाटला. पण तिची नुकतीच भिशी लागली होती आणि खर्च त्या भिशीत बसायला हवा होता. तो सेट काही बसत नव्हता. बाळाचा उपाय फुकटातला होता. "स्प्रिंगचो एक वेढो कापून टाकूचो. गाडी आपसूक खाली बसता. माझ्या मावसभावाने केलेला."

"मावसभावाची गाडी कुठे आहे आता?" श्रुतिकाने विचारलं.

बाळा पेपर वाचायला लागला.

शेवटी मंगला घाटकोपरला चंद्रप्रकाशच्या गॅरेजात गेली. चंद्रप्रकाश याच मंगलेवर, याच मॅडमच्या हाताखाली शिकलेला. पहिल्याच दिवशी त्याने मैदानाचं फाटक ठोकलं होतं. बंपरवरचा तो पोचा अजून होता आणि तो दिसला की चंद्रप्रकाश तिथून नजर फिरवायचा.

त्याने बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. मंगला वर आली, खाली गेली, वर आली, परत खाली. मान डोलवत राहिली.

"शॉकअप संपलेत, मॅडम. स्प्रिंग चांगली आहे. स्प्रिंग उडवते, शॉकअप तिला आवरतो. आवरणाराच नाही उरला."

"म्हणजे स्प्रिंग पाळणा," जानकी म्हणाली, "आणि शॉकअप पाळणा थांबवणारा हात."

"हां, तसंच."

"मग पाळणा कशाला कापायचा?"

बाळाने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

चंद्रप्रकाशने गाडी वर चढवून खालून बॅटरी मारली. चाकांच्या सांध्यातले रबरी बुश सुकून भेगाळले होते. "आधी हे. हे असेच ठेवून वर महागडा सेट लावला, तर तुटक्या चपलेला नवं बक्कल लावल्यासारखं होईल. बुश नवे टाकू. शॉकअप गॅसचे, जरा कडक. स्प्रिंग कंपनीची आहे तीच राहू दे. मग चारी चाकं सरळ करून घेऊ. बस."

"आणि तो चावीवाला सेट?" श्रुतिकाने शेवटचा प्रयत्न केला.

"ताई, तो चांगलाच असतो. पण तो नीट लावायचा तर दहा वेळा ट्रॅकवर जावं लागतं. मॅडमना एकदा तर जाऊ दे."

 जानकीने पर्समधून भिशीचं पाकीट काढलं. "हेच घाल. वेतोबाची इच्छा असेल तर पळेल."

गाडी परत आणताना दहिसरच्या गल्लीतला तो उंच गतिरोधक आला. एरवी मंगला त्यावरून उतरली की पुढचा बंगला येईपर्यंत हिंदकळायची. आज उतरली आणि गप्प झाली. जानकीने वळून तोच गतिरोधक पुन्हा ओलांडला. मग पुन्हा. केळेवाला हातगाडी सोडून बघायला आला, काही हरवलंय का म्हणून.

ट्रॅकवर त्या रविवारी हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून जानकीने अंबाडा सोडून वेणी घातली. तपासणीवाल्या माणसाने डावीकडे वाकून पाहिलं. "मॅडम, हे काय? इकडे पण ब्रेक?"

"शाळेची गाडी आहे."

"आणि हे कोण?"

"हे पण शाळेचेच," जानकी म्हणाली. बाळा हेल्मेट घालून आधीच डाव्या सीटवर जाऊन बसला होता. तुला एकटीला कसं सोडू, हे त्याने घाटातच ऐकवलं होतं.

सकाळी एक फेरा आणि दुपारी एक, एवढंच वाट्याला आलेलं. निघायच्या आधी बाळाने गाडीपुढे नारळ धरला आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा वेतोबा, ही तुझी लेकरा आज मुलखाबाहेर इलेली आसत, तेंचो सांभाळ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," श्रुतिका आणि गाडीसाठी सोबत आलेला चंद्रप्रकाश म्हणाले.

"ह्या मंगलेच्या चारी शॉकअपांक बळ दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," शेजारच्या गाडीतली दोन पोरंही म्हणाली. तिसऱ्या वेळेला अख्खी रांग म्हणत होती.

एवढं होऊनही सकाळचा फेरा वाया गेला. सरळ रस्त्यावर मंगला छान पळायची, आणि वळण जवळ आलं की नाक खाली घालून मरगळायची. मागच्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. मघाशी व्हय म्हाराजा म्हणालेली पोरंही.

"भंगारवाल्याक फोन करू?" खाली उतरल्यावर बाळा मायेनेच म्हणाला.

चंद्रप्रकाशचा चेहरा उतरला होता. पुढच्या चाकाजवळ हात नेऊन त्याने झटकन मागे घेतला. "ब्रेक तापलेत. मॅडम, वळणाआधी फार दाबताय का?"

"मी? मी तर नुसता पाय टेकवत होते."

पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता जानकी थांबली. नाक खाली, गचकन. हा झटका तिच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तो तिनेच तर दिला होता, शेकडो लोकांना. स्वतः उजवीकडे बसून कधी खाल्ला नव्हता, म्हणून ओळखायला उशीर झाला.

"अहो, तुम्ही ब्रेक दाबलात?"

"मी? मी पाय पण लावक नाय. देवाशप्पथ."

तो खोटं बोलत नव्हता, हेही तिला कळलं. रिक्षात मागे बसलं तरी तिचा स्वतःचा पाय खाली जायचा. पायाने मालकाला विचारलं तर ना. आता याला उतरवावं, तर तोंड फुगवून बसेल. आणि खरं सांगायचं तर तिला तो शेजारी हवाही होता.

"चंद्रप्रकाश," ती हळूच म्हणाली, "तो डावा ब्रेक सुटतो ना?"

"एक बोल्ट काढला, मॅडम, की पेडल नुसतंच खालीवर होतं. पण काकांना?"

"काका चहाला गेले की काढ."

दुपारी जानकीने जास्वंद सरळ केली, वेतोबाला नमस्कार केला आणि निघाली. पहिलं वळण आलं. तिने ब्रेक हलकाच लावला, सोडला, स्टिअरिंग वळवलं, आणि मंगला एका अंगावर जराशी टेकून, कुठेही न डोलता, पायरीवर पाय ठेवावा तशी वळली. जानकीला हसू फुटलं. दुसरं वळण. तिसरं. नवे बुश, कडक शॉकअप, सगळे आपापल्या जागी कामाला लागलेले तिला सीटमधून कळत होते. वारा आत घुसत होता, वेणी हेल्मेटच्या मागे उडत होती. सकाळची ती पोरं पुढे दिसली. लांब वळणावर ती आतून त्यांच्या शेजारी आली, आणि पुढे गेली. डावीकडून मात्र सारखा टपटप आवाज येत होता. बाळाचा पाय मेलेल्या ब्रेकवर जीव खाऊन पडत होता. हेल्मेटच्या आत जानकी हसून हसून रडत होती.

उतरल्यावर बाळाने मोठ्या कष्टाने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले, चेहरा उजळलेला.

"बघलंस? अशी पळता माझी मंगला. आता खरा सांगतंय, वळणावर मी जरा जरा दाबत होतंय. म्हणान रवली. नायतर गेली असती मातीत."

"हो का?"

"मगे? सगळो खेळ पायाचो."

"म्हणजे तुमच्यामुळेच पळाली."

"अर्धी तरी."

"मग आता भंगारात कशी घालणार? तुमची मेहनत आहे ती."

 श्रुतिकाने आपण साक्षीदार असल्याची आठवण करून दिली. "नाय, रवांदे घरात," तो शेवटी म्हणाला. "घालूची नाय भंगारात."

तेव्हा जानकीने त्याचा हात हातात घेतला आणि तळव्यावर प्रसाद ठेवावा तसा तो बोल्ट ठेवला.

बाळाने बोल्टकडे पाहिलं, मग मंगलेकडे, मग आपल्या पायाकडे. चंद्रप्रकाश घाईघाईने हवा तपासायला चाकाशी बसला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मग बाळालाच हसू आवरेना. तो गाडीला टेकून हसत राहिला, आणि मंगला त्याच्या वजनाने जराशी दबून तिथेच गप्प उभी राहिली.

परतीला त्याने डाव्या सीटवर बसायला साफ नकार दिला. तिथे चंद्रप्रकाश बसला, आणि बाळा नारळाची वाटी घेऊन मागे श्रुतिकाशेजारी, जानकीच्या पाठी. घाट सुरू झाला. जानकी सावकाश चालवत होती, चाळीसच्या आतच. प्रत्येक वळणावर तिच्या सीटला मागून हळूच एक दाब येत होता.