शेरा: पक्षी जागा

काका पक्ष्यांच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं होते. दाणा-पाणी, पिंजऱ्यांची सफाई आणि रोजची नोंदवही, एवढंच त्यांचं राज्य.

झोपेत स्वतःचं गाणं ऐकू आलं की पक्ष्याचा मेंदू कसा दाद देतो, हे नव्या साहेबांना मोजायचं होतं. तीन महिने ते भरदुपारी खोलीतला दिवा घालवायचे, लगेच स्पीकरवर गाणं लावायचे आणि चहाला जायचे. आकडे काही धड येईनात. मग आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "काका दाणा वेळेवर देत नसणार. त्यामुळेच पक्षी बिथरलेत."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, दिवा गेला की लगेच झोप लागते का? तुम्हाला लागते? पक्षी झोपला की अंग फुगवतो, चोच पाठीच्या पिसांत खुपसतो. तुमचा एकही पक्षी झोपलेला नव्हता. सगळे काळोखात दांडीवर टक्क जागे."

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुमचं?"

काका उठले. नोंदवही आणून त्यांनी टेबलावर आपटली आणि एकेक पान उलटत गेले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या गिचमिड अक्षरात रोज, न चुकता, एकच ओळ होती: 'दिवा बंद. पक्षी जागा.'

आणि प्रत्येक ओळीखाली, वाचून पाहिल्याची साहेबांची झोकदार सही.