बायकोला पाण्यात पाहणारा

बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्याचं एक जुनं दुकान होतं. दुकानदाराला सगळे चष्मेवालेच म्हणत. बायकोसुद्धा चिडली की "ऐकलंत का, चष्मेवाले?" अशीच सुरुवात करायची. माणूस सावकाश बोलणारा, सावकाश चालणारा, आणि फ्रेम नाकावर नीट बसेपर्यंत गिऱ्हाइकाला दुकानाची पायरी उतरू न देणारा. उभ्या जन्मात त्यांना छंद असा नव्हता. लागला तो साठीला टेकल्यावर, आणि तोही बायकोमुळे.

झालं असं, की बायकोचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालत जा. म्हणून बाई तरणतलावावर जाऊ लागल्या, कठडा घट्ट धरून चार पावलं टाकून परत. तिथल्या कोचबाई मोठ्या गोडबोल्या. त्यांनी बोलता बोलता आधी एक हात सोडायला लावला, मग दुसरा, आणि एका रविवारी, बादलीभर पाण्यालाही बिचकणारी ही बाई आपली आपण पाण्यावर तरंगली. वर गॅलरीतल्या बाकावर बसलेले चष्मेवाले ताडकन उभेच राहिले. घरी येताना म्हणाले, "हे कुणाला सांगितलं तर थापा वाटतील." आणि एका जुन्या गिऱ्हाइकाने विकायला काढलेला हाय डेफिनिशन कॅमकॉर्डर त्यांनी घेऊन टाकला.

मग काय, दर रविवारी बायको पाण्यात आणि हे गॅलरीत, डोळा कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याला चिकटलेला. मेहुणीला आयतंच सापडलं. "भाऊजी, आयुष्यभर ताईला डोक्यावर घेतलंत, आणि आता म्हातारपणी तिला पाण्यात पाहायला लागलात होय!" हा विनोद तलावावर पोहोचायला वेळ लागला नाही. बायका येता-जाता विचारायच्या, "काय, आज किती वेळ पाण्यात पाहिलंत?" चष्मेवाले हसून कॅमेऱ्याचं झाकण पुसायचे.

एकदा कोचबाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं. "तुमच्याकडे एवढं शूटिंग पडलंय. क्लबच्या मेळाव्याला एक छोटी फिल्म दाखवू या. नवीन बायका येतात, पाणी बघतात आणि परत जातात. ताईंना बघितलं तर जरा धीर येईल."

"करतो की," चष्मेवाले म्हणाले. फिल्म करायची म्हणजे काय करायचं, हे त्यांना तेव्हा अजिबात ठाऊक नव्हतं.

घरच्या संगणकावर त्यांनी एडिटिंगचा प्रोग्राम घेतला. कॅमेऱ्यातली कार्डं एकेक करून उघडली. प्रत्येक कार्डात फोल्डरच्या आत फोल्डर, त्यात मोठ्या फायली आणि भोवती बारीकसारीक फायलींचा पालापाचोळा. त्यांनी मोठ्या फायली तेवढ्या उचलल्या, पाचोळा तिथेच ठेवला, आणि दुपारी दुकान बंद करून जेवण झालं की कामाला बसू लागले.

पहिल्याच दिवशी बायको पडद्यावर अर्ध्या पाण्यात थिजली. आवाज पुढे निघून गेला, कोचबाई "पाय मारा, पाय मारा" ओरडतायत, आणि चित्र जागचं हलायला तयार नाही. मग एक झटका, आणि बाई एकदम पलीकडच्या टोकाला.

"बघितलंस? तू विमानासारखी गेलीस," चष्मेवाले म्हणाले.

"तुमच्या कॉम्प्युटरलाही गुडघे झालेत," बायको म्हणाली आणि भांडी आवरायला गेली.

त्यानंतर प्रोग्राम न सांगता न सवरता बंद पडायला लागला. घटकाभर खपून तुकडे जोडावेत, आणि गप्पकन खिडकीच नाहीशी व्हावी. चष्मेवाल्यांनी साडूंना फोन लावला. साडूंकडे तस्साच कॅमेरा होता, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल मत होतं.

"नवीन कॉम्प्युटर घ्या," साडू म्हणाले. "हे काम जुन्या डब्यावर होत नसतं."

"दुसरं काही?"

"दुसरं म्हणजे जास्त महागातला घ्या."

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला आणि हाताची घडी घालून विचार करत बसले. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं "दिसत नाही", तेव्हा ते घाबरत नाहीत. एक काच बदलायची आणि विचारायचं, आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं? दोन काचा एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. इथेही तसंच करायचं ठरलं. आधी त्यांनी डिस्क पाहिली. ती काठोकाठ भरलेली निघाली, प्रोग्रामला पाय पसरायला जागाच नव्हती. जुनी गाणी आणि लग्नाचे फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवल्यावर तो मधेच बंद पडायचा थांबला. मग शोधता शोधता कळलं की एवढं बारीक तपशिलाचं चित्र जुन्या यंत्राला झेपत नाही, पण प्रोग्रामला सांगितलं तर तो प्रत्येक तुकड्याची एक हलकी नक्कल करून देतो. कापाकापी नकलेवर करायची, शेवटची फिल्म मात्र अस्सल चित्रातून निघते. नकला तयार व्हायला दोन दुपारी गेल्या, पण बाई सरळ पोहू लागल्या.

तरी एक खोट राहिलीच. बायकोने हात उचलला की हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसत. चष्मेवाल्यांनी तिला समोर बसवलं.

"आता बघ. आता बरं की मघाशी?"

"सारखंच."

"आणि आता?"

"माझा दंड एवढा जाड आहे?"

"दंडाचं विचारत नाहीये, दात्यांचं विचारतोय."

"दाते गेले. दंड आहे तसाच आहे."

गंमत अशी होती की हा कॅमेरा एक चित्र दोन हप्त्यांत टिपायचा. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. तेवढ्यात हात हलला की दोन्ही अर्धी जुळत नसत. सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण केली आणि दाते पळाले. त्या दिवशी चष्मेवाल्यांनी दुकान उशिरा उघडलं, आणि तेही शीळ घालत.

आता उरला तो सगळ्यांत मोठा प्रसंग. बायकोने पहिल्यांदा अख्खा तलाव पार केला तो दिवस, खोल बाजूकडून उथळ बाजूकडे, कुठेही न थांबता. कॅमेरा तेव्हा कितीतरी वेळ सलग चालू होता. चष्मेवाल्यांनी ते तुकडे एकापुढे एक लावले आणि पाहू लागले. बाई आल्या, भिंतीला हात लागला, डोकं वर काढून त्यांनी गॅलरीकडे पाहिलं आणि ओरडल्या, "अहो, कॅमेरा..." इथे चित्राने बारीकशी उडी मारली, आवाज गिळला गेला, आणि पुढे नुसतंच "बघा!"

त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्या दिवशी गॅलरीतल्या गोंगाटात त्यांना ऐकू आलं नव्हतं, आणि इथेही नेमका तोच घास गेला होता.

"तू काय म्हणाली होतीस गं?"

"मला काय आठवतंय! तेव्हा माझा श्वास कुठे होता, ते तरी आठवतंय का?"

साडूंना पुन्हा फोन गेला. ते म्हणाले, "सोपं आहे. कॅमेरा पडत असणार. कॅमेरा पडेल, बघा, असं म्हणाल्या असतील."

"पडत नव्हता हो. आणि माझे दोन तुकडे नीट जुळतच नाहीत. मधलं बोलणं खाल्लं जातंय."

"तुकडे? माझ्याकडे कधी तुकडे होत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी कार्ड काढतच नाही. वायरीने अख्खा कॅमेराच जोडतो. कार्डाचं ते इवलंसं झाकण मला उघडत नाही," साडू थोडं खजील होऊन म्हणाले.

चष्मेवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शूटिंग लांबलं की कॅमेरा त्याचे आपणच तुकडे पाडतो, आणि कुठला तुकडा कुठे जुळवायचा हे त्या बारीकसारीक फायलींत लिहून ठेवतो. त्यांनी ज्याला पाचोळा म्हणून मागे टाकलं होतं, ती शिवण होती! नशिबाने पुसलं जाईल या भीतीने त्यांनी एकही कार्ड पुन्हा वापरलं नव्हतं. सगळी चष्म्याच्या रिकाम्या डब्यांत जपून ठेवलेली.

"साडूबुवा, तुम्ही देवमाणूस आहात," ते म्हणाले.

"ते मी कधीपासून सांगतोय," साडू म्हणाले.

त्यांनी त्या दिवसाचं कार्ड कॅमेऱ्यात घातलं, कॅमेरा वायरीने जोडला, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेल्या प्रोग्रामनेच सगळं उतरवून घेतलं. या वेळी लांबच लांब एकच फाईल आली. बायको भिंतीपाशी पोहोचली. वर पाहून ओरडली, "अहो, कॅमेरा सोडा, मला बघा!"

चष्मेवाल्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला. स्वयंपाकघरातून आवाज आलाच, "ऐकलं मी. आणि आठवलं पण."

"मी तुलाच बघत होतो," ते म्हणाले.

"त्या पडद्यात. तिथे मी होते केवढी? अंगठ्याएवढी." बायको दारात येऊन उभी होती, हात पुसत, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"हे कापून टाकू का?"

"खबरदार! दंड राहिला तर तेही राहील."

मेळाव्याला हॉल भरला होता. फिल्म सुरू झाली, बाई कठड्याला धरून चालल्या, मग तरंगल्या, मग नाकातोंडात पाणी जाऊन खोकल्या, आणि प्रत्येक वेळी बायका खिदळत होत्या. "कॅमेरा सोडा, मला बघा" आलं तेव्हा तर हास्याचा असा स्फोट झाला की मेहुणीला आपला विनोद पुन्हा सांगायलाही जागा उरली नाही. चष्मेवाले भिंतीशी उभे होते. त्यांनी फिल्म पाहिलीच नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोचा चेहरा कधी लाजतोय, कधी खुलतोय, तेवढंच पाहत राहिले.

दिवे लागल्यावर मागच्या रांगेतली एक जाडसर बाई पर्स पोटाशी धरून पुढे आली. ती आधीही दोनदा तलावावर येऊन, नुसतं पाणी बघून परत गेली होती. तिने चष्मेवाल्यांच्या बायकोला हळूच विचारलं, "नाकात पाणी गेलं तर हो काय करायचं?"

"शिंकायचं," बायको म्हणाली. "चला, पाय बुडवून तर बघा."

दोघी बाहेर गेल्या. चष्मेवाले हॉलमध्ये वायरी गुंडाळत होते, तोवर बाहेरून पाण्याचा छपछप आवाज आला आणि त्या नव्या बाईचं हसणं ऐकू आलं, घाबरलेलं, पण खरंखुरं हसणं.