पाडलेलं पेन

मागून सगळे तिला चाळणी म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. बावीस वर्षं तिचं काम एकच. दुखण्यामुळे काम होत नाही म्हणून विमा कंपनीकडे भत्ता मागणाऱ्याला खरंच किती उचलता येतं, किती वाकता येतं, हे तपासून लिहायचं. तिनं ‘जमतं’ लिहिलं की भत्ता बंद. नवऱ्याला ताप आला तरी ती आधी थर्मामीटरकडे बघायची, मग त्याच्याकडे. “अगं, मी दावा नाही केला!” बिचारा अंथरुणातून ओरडायचा.

त्या सकाळी क्रेनवाला आला. कंबर धरली म्हणून सात महिने घरी. फॉर्मवर ‘चालू औषधं’ समोर ठसठशीत लिहिलेलं, ‘नाहीत’. चाळणीनं मात्र त्याला आधीच खिडकीतून पाहून ठेवलं होतं. फाटकाशी बायकोच्या हातातली पिशवी त्यानं स्वतःकडे घेतली होती. कुठंतरी पाणी मुरतंय, तिनं ठरवूनच टाकलं.

दहा किलोची पेटी उचलताना त्याचा चेहरा पिळवटला.

“किती दुखतंय? दहापैकी सांगा.”

“आठ.”

बोटाला लावलेल्या यंत्रात नाडी बासष्ट. अहो, आठ दुखलं तर नाडी कुठल्या कुठं पळते! पंधरा किलोला तो “नऊ” म्हणाला. नाडी चौसष्ट. नऊ म्हणे! सोंग तरी धड करावं माणसानं.

शेवटी तिचा ठेवणीतला डाव. तपासणी संपली असं सांगायचं, आणि माणूस निघाला की टेबलावरचं पेन पाडायचं.

“पडलं, मॅडम,” म्हणत क्रेनवाला लगेच वाकला.

सापडला! तिनं कॉम्प्युटरकडे वळून खटाखट लिहिलं, ‘सहज वाकतो. तक्रार विश्वासार्ह नाही.’ वळली तर पायाशी गोळ्यांची पट्टी पडलेली, त्याच्या खिशातून निसटलेली. तिच्या आईची ब्लडप्रेशरची गोळी हीच. ही घेतली की जीव गेला तरी नाडी चढत नाही.

“ही कधीपासून घेताय?”

“चार वर्षं. माझ्या क्रेनच्या कंपनीत सांगू नका हो. कळलं तर परत क्रेनवर चढू देणार नाहीत.”

“मग इथं कशाला आलात?”

“बरा होईपर्यंत घर चालायला नको? बरा झालो की चढायचंच आहे मला.”

आवाज टेबलाखालून येत होता. ती उठून पलीकडे गेली. तो अजून खालीच होता. एका हातात पेन, दुसऱ्यानं खुर्चीचा पाय घट्ट धरलेला, कपाळावर घाम.

“मॅडम, जरा बायकोला बोलवता? तीच उठवते मला. दोन्ही हात लागतात तिला, म्हणून पिशवी मी धरतो.”

बावीस वर्षं चाळणीनं माणसं वाकताना पाहिली होती. वाकलेला माणूस उठतो कसा, ते बघायला ती एकदाही थांबली नव्हती. तोवर तिचं लिहून व्हायचं.

तिनं बायकोला हाक मारली. दोघींनी दोन्हीकडून धरून त्याला उभं केलं. उभा राहिल्या राहिल्या त्यानं आधी पेन पुढे केलं.

ते दोघं गेल्यावर तिनं स्क्रीनवरची ओळ खोडली. मग कपाटातल्या जुन्या फायलींकडे बघत बसली. प्रत्येकीत तीच ओळ होती, तिच्याच सहीखाली.