मातीचे हे

पुरुषाला सलग दोन तास गप्प बसवणारी एकच बाई मी जन्मात पाहिली, आणि तिची ओली फडकी पिळून मी उन्हात वाळत घातली. हा मूर्खपणा आधीच कबूल करते. त्या मोठ्या भूकंपानंतरचं वर्ष. ह्यांच्या बँकेने आम्हाला जपानात ग्योतोकुला आणलं होतं. मी छप्पन्न वर्षांची, म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलेली.

तळमजल्यावरची ही इंग्रज बाई शिल्पकार. साध्यासुध्या माणसांचे पुतळे करायची. कधी मासळीवाला, कधी टपालवाली. भूकंपात बहुतेकांची नाकं फुटली, तेव्हापासून प्रत्येकाला जुन्या किमोनोच्या पट्ट्याने खांबाला बांधून ठेवी. पोह्यांना बोलावलं तर मातीच्या हातांनीच यायची आणि खाता खाता समोरच्याचा जबडा नजरेने मोजायची. एकदा मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचे कान फार प्रामाणिक आहेत." तीस वर्षांत त्या कानांनी माझं एक वाक्य पुरतं ऐकलं असेल तर शपथ!

मग दर रविवारी हे तिच्यापुढे बसू लागले. घरी चहा होईपर्यंत तीनदा उठणारा माणूस तिथे स्टुलावर ढिम्म. विचारलं, "कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "ती काही विचारत नाही ना!" एका रविवारी मी डब्याच्या निमित्ताने डोकावले आणि नेमका भूकंपाचा धक्का बसला. बाईने धावत जाऊन ह्यांच्या मातीच्या डोक्याला मिठी मारली. खरे हे टेबलाखाली एकटे. माझा जळफळाट झाला तो त्या मिठीवर. मातीची का असेना!

पुढे ती चार दिवस क्योतोला गेली. किल्ली माझ्या हातात देऊन बजावलं, "कुंड्यांना पाणी घाल, आणि डोक्यावरची फडकी ओली ठेव, नाहीतर माती तडकेल." कुबट फडकी बघवली नाहीत, असं मी ह्यांना सांगितलं. खरं सांगू? मी सगळं नीट ऐकलं होतं. कुंड्या भिजवल्या, फडकी वाळवली. चौथ्या दिवशी ह्यांच्या कानापासून हनुवटीपर्यंत ही लांब भेग!

फडक्यांच्या कोरड्या घड्या हातात घेऊन, रडकुंडीला येऊन मी तिच्यापुढे उभी राहिले. ती ते डोकं फिरवून फिरवून बघत राहिली. भेग तिने बुजवली नाही; तशीच साच्यात उतरवली. आता हे नाहीत. ते डोकं माझ्या खिडकीत असतं आणि रोज सकाळी मी त्याचे कान पुसते. पुसताना बोट भेगेवरून जातं, आणि त्या दिवशी ती म्हणाली ते आठवतं:

"राहू दे. इतके दिवस हा बँकेतला साहेब दिसत होता. आता तुझा नवरा दिसतोय."