ओळंबामास्तर

फोटो काढणाऱ्याच्या पिशवीत गवंड्याचा ओळंबा असतो, हे मी एकाच माणसाकडे पाहिलं. इमारतीसमोर तिपाई उभी केली की दोरीला बांधलेलं ते पितळी वजन तो कॅमेऱ्याखाली लटकवायचा, ते हलायचं थांबेपर्यंत हात मागं बांधून उभा राहायचा आणि मग काळ्या कापडात डोकं घालायचा. रस्त्यावरची माणसं हसायची. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "इमारत खरीच कलली तर बांधनाऱ्याचं नाव जाईल. फोटोत कलली तर माझं." गवंड्यांनी त्याला ओळंबामास्तर नाव ठेवलं. पुढं ह्या गावानं त्याला दुसरं नाव ठेवलं. ते मी सांगणार आहे, आणि रागानंच सांगणार आहे.

सोलापुरात बाळीवेशीजवळ माझं फोटोंना फ्रेम करायचं दुकान होतं. मी चौथी शिकलेला. लिहिण्यात चुकलं तर चुकलं. पट्ट्या कापायच्या, काच बसवायची, हे माझं काम. पाठीमागचा कागद खळीनं चिकटवायचा, हे माझ्या बायकोचं, महादेवीचं. ती अक्कलकोटकडची. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची आणि दोन्हीत कुणाची भीड ठेवायची नाही. आमच्याच जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत मास्तर फोटो धुवायचा. तो तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला अण्णा. गेल्या पौषात ती गेली. तिला आठवायला बसलो की हा माणूस मधे येऊन उभा राहतो, कारण त्याच्यापायी ती गावाशी जेवढी भांडली तेवढी माझ्याशीही कधी भांडली नाही.

सत्तरनंतरची ती वर्षं. गावात सिमेंटच्या नव्या तऱ्हेच्या इमारती उठत होत्या. बँक, कॉलेज, दवाखाना, थेटर. सपाट छप्पर, लांबच लांब सज्जे, ऊन अडवायला सिमेंटच्या जाळ्या. पुण्या-मुंबईचे आर्किटेक्ट आखून द्यायचे आणि बांधून झालं की फोटोला मास्तरला बोलवायचे. तो इथलाच, पूर्वभागातल्या विणकराच्या घरचा, घरी तेलुगू; मुंबईत राहून हे काम शिकून आलेला. सकाळीच जाऊन इमारतीसमोरच्या चहाच्या गाड्यावर बसायचा. दुपार व्हायला आली तरी कॅमेरा पिशवीतच. मालकाचा माणूस घायकुतीला आला की मास्तर म्हणायचा, "ऊन यायचंय अजून." ऊन तर सोलापुरात डोकं भाजत असायचं. पण त्याला पाहिजे ते वेगळं, भिंतीला घासून जाणारं. ते आलं की ओबडधोबड सिमेंटावर, ओतताना लावलेल्या फळ्यांची खूण न् खूण उठून दिसायची. तसल्या फोटोवर काच बसवताना मी आधी हात धुऊन यायचो.

आर्किटेक्ट लोकांची एक अट असायची. फोटोत माणूस नको. सायकल नको, वाळत घातलेलं धोतर नको, पायरीवर टेकलेली बाई तर मुळीच नको. मास्तरनं ते पाळलं. त्या लोकांनी त्याचे फोटो गुळगुळीत कागदाच्या मासिकांत छापले, खाली स्वतःचं नाव टाकलं, याचं कुठं नाही. मी चिडलो. तो चिडला नाही. एक दिवस सगळे फोटो माझ्या बाकावर पसरून बघत बसला आणि म्हणाला, "दवाखाना हाय, पन आजारी न्हाय. कॉलेज हाय, पन पोरं न्हाईत. भुतं ऱ्हात्यात काय हितं? आता मानसं काढायला शिकतो."

शिकला, पण आमची लई करमणूक करून. करकंबच्या एका लग्नात नवरा-नवरी बोहल्यावर आणि हा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, खांबाची सावली सरकायची वाट बघत. नवरीचा मामा शेवटी ओरडला, "मास्तर, नवरी हाय ती, बँक न्हाय." बारकी पोरं तर काळं कापड बघूनच भोकाड पसरायची. खूश होते ते फक्त चादरीचे कारखानदार. त्यांच्या चादरी त्यानं दोरीवर टांगून अशा काढल्या की भिंतीच वाटाव्यात. पण हळूहळू हात बसला. माणसांना ताठ उभं करायचं त्यानं सोडलं, लांबून काढायचं सोडलं. त्याच्या फोटोतल्या नवऱ्या घाबरलेल्या दिसत नसत. दोन हंगाम लग्नाची कामं चांगली आली, आणि तो म्हणायचा, "वहिनी, आता फोटोत आवाज यायला लागला बगा."

आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. भजन चालतं आणि बसलेलंच समाधीला नेतात. तसा बसलेला शेवटचा फोटो काढून घरात लावतात. भुसार बाजारात एक मोठे अडते होते, त्यांना सगळे सावकार म्हणत. त्यांची आई गेली तेव्हा नेहमीचा फोटोवाला परगावी होता, म्हणून मास्तरला बोलावणं आलं. मी बरोबर गेलो. त्यानं अंगणाकडचं दार पुरतं उघडायला लावलं आणि उजेड म्हातारीच्या गालावर येईपर्यंत थांबला. लोक कुजबुजायला लागले. मग तिच्यापुढं वाकून हळूच म्हणाला, "आजी, पदर जरा सारखा करतो हं. झालंच." जिवंत माणसांशी चार शब्द न बोलणारा हा माणूस गेलेल्या बाईची परवानगी घेत होता. फोटो फ्रेम होऊन हातात आला तेव्हा सावकार माझ्या दुकानात उभ्यानं रडले.

पौषात महादेवीला बसवली होती तेव्हा मला हेच आठवत होतं. जो येईल तो खिशातून मोबाईल काढत होता. एकाच्या खांद्यावरून दुसरा, दुसऱ्याच्या काखेतून तिसरा. कुणी तिच्यापुढं पाय पसरून बसूनही फोटो काढला. एवढी शिकलेली माणसं, पण "आजी, काढू का" असं एकाच्या तोंडून आलं नाही. मी ओरडलो तर लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, दुःख झालंय. दुःख झालंयच की. पण डोकं ठिकाणावर होतं.

असो. सावकारांच्या घरातला तो फोटो गावानं पाहिला आणि मयत झाली की मास्तरकडं माणूस धावायला लागला. हा कुणालाच नाही म्हणाला नाही. आणि मग लग्नाची कामं एकेक करून गळाली. कुणी तारीख पुढं गेली म्हणालं, कुणी पाहुण्यातलाच फोटोवाला आहे म्हणालं. खरं कारण चौकात बोललं जात होतं. ओळंबामास्तरचा मढ्याचा फोटोवाला झाला होता. पुढं तर इमारतींचंही तसंच. एका नव्या बँकेचे फोटो काढायला गेला तर दारातच अडवलं, वास्तुशांत व्हायचीय म्हणून. मला सांगा, ती बँक काय बाळंतीण होती?

सगळ्यावर कडी केली सावकारांनीच. त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. आईचा फोटो एवढा आवडला म्हणून मास्तर आशेनं विचारायला गेला, मला घेऊन. सावकारांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. गोड बोलले. काम चोख आहे हो तुमचं, पण शुभकार्य आहे, समजून घ्या. वर कागदात बांधून दोन लाडू दिले. आणि त्यांच्या खांद्यावरून मला आतलं दिसत होतं. आईच्या फोटोला ताजा हार होता आणि लग्नाची पहिली पत्रिका त्याच फोटोपुढं ठेवलेली होती. फोटोपुढं वाकायचं, आणि काढणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं. मी बोलणार होतो, तर मास्तरनंच माझा दंड धरून मला पायऱ्यांवरून खाली आणलं.

त्याच सुमाराला आमची थोरली झाली. बारशाचा फोटो अण्णाच काढतील, असं महादेवीनं जाहीर केलं. सांगोल्याहून आलेली माझी बहीण म्हणाली, त्या माणसाची सावली लेकरावर पडू द्यायची नाही. महादेवी म्हणाली, मग पाळणाच बांधत नाही, पोरगी बिननावाची वाढंल. बायकांत मोठा गोंधळ झाला. मास्तर तर आतून कडी लावून खोलीत बसलेला. ही ओली बाळंतीण जिना उतरून त्याच्या दारापाशी गेली.

आतून तो म्हणाला, "वहिनी, उद्या लेकराला साधा ताप आला तरी माझं नाव निगंल."

"निगू दे की. ताप डाक्टर बगंल. तुमी फोटो बगा."

तो आला. फोटो काढला. बहीण तोंड फिरवून बसली, तशीच त्यात आली आहे. आमच्या थोरलीचे आता केस पांढरे झालेत आणि बाई ठणठणीत आहे. त्या बारशानं गावाचं तोंड बंद होईल, असं महादेवीला वाटलं होतं. गावाचं तोंड असं बंद होत नसतं. एका घरानंही त्याला बोलावलं नाही.

शेवटी त्यानं हैदराबादला बहिणीकडं जायचं ठरवलं. "तितं मला कुनी वळखत न्हाय," म्हणाला, आणि त्यातच त्याला बरं वाटत होतं. ट्रंक टांग्यात चढली होती. महादेवीनं शेंगाची चटणी आणि भाकरी बांधून दिली होती. तेवढ्यात सावकारांचा माणूस धावत आला. सावकारांचे वडील गेले होते. बसवलंय, मास्तरला घेऊन ये म्हणून सांगितलं होतं.

मी म्हणालो, टांगा हाक. महादेवीनं त्या माणसाला कानडीत जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. मास्तर मात्र टांग्यातून उतरला आणि ट्रंक उघडून कॅमेरा काढायला लागला. महादेवीनं ट्रंकेच्या झाकणावर हात ठेवला. तो म्हणाला, "वहिनी, ते बसल्यात. त्यांनी माझं काय वाकडं केलंय? ताटकळत ठिवू नये." तिनं हात काढला. तो गेला, उजेडाची वाट बघत थांबला असणार, कारण गाडी चुकली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेला. पुन्हा सोलापुरात आला नाही.

फोटो त्यानं तिकडं धुऊन माझ्या पत्त्यावर पाठवला. म्हातारा असा बसला होता की आता उठून अडतीवर जाईल. मी फ्रेम केली, कारण म्हाताऱ्यानं माझंही काही वाकडं केलं नव्हतं. सावकार न्यायला आले. फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिले. डोळे पुसले. मास्तर कसा आहे, कुठं आहे, हे काही विचारलं नाही. काळजीच्या सुरात म्हणाले,

"असा मानूस गाव सोडून गेला. आता आमच्यात कुनी गेलं तर बोलवायचं कुनाला?"

मी तोंड उघडणार, तोच मागच्या बाजूला कागदाला खळ लावत बसलेल्या महादेवीनं, मान वर न करता, सांगितलं,

"लग्नाला बोलवायचं व्हतं की, सावकार."